खोदून झालं, आता चौक कोणाचा?

शहरातली रेल्वे जमिनीखाली गेली की तिचं कौतुक सुरू होतं. अजस्र बोगदायंत्रं, सरकते जिने, फलाटाच्या कडेचे काचेचे दरवाजे, गार हवा. कौतुक व्हावं इतकी ती कामगिरी मोठी असतेही. पण गाडी खाली नेण्यासाठी जो जास्तीचा खर्च येतो, तो गाडीसाठी नसतो. तिला खांबांवरून धावायला काहीच अडचण नसते. तो खर्च होतो वरच्या शहरासाठी. तिथल्या इमारती वाचाव्यात, रस्त्यात खांब उभे राहू नयेत, चौक मोकळा राहावा म्हणून. त्यामुळे भुयारी स्थानकाचा हिशोब फलाटावर उभं राहून मांडता येत नाही. जिना चढून वर यावं लागतं आणि विचारावं लागतं, की जी जागा राखण्यासाठी एवढा पैसा जमिनीत घातला, ती आज कोणाच्या वापरात आहे?

मुंबईच्या हुतात्मा चौकात हा प्रश्न विचारण्याची वेळ आत्ताची आहे. ९ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही, याच चौकाखालून जाणारी मेट्रो-३ ची संपूर्ण मार्गिका प्रवाशांसाठी खुली झाली. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, त्यांतली २६ जमिनीखाली. सुरुवातीचा अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता, तो ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. म्हणजे किलोमीटरमागे साधारण अकराशे कोटी. २०१४ साली सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर ही उन्नत मेट्रो-१ साडेअकरा किलोमीटरसाठी सव्वाचार हजार कोटींच्या आसपास पडली होती. काळ वेगळा, भाव वेगळे हे धरलं तरी खांबांवरची मेट्रो आणि भुयारातली मेट्रो यांच्या किमतीतला फरक डोळ्यांत भरतो.

फोर्टात हा फरक मोजणं भागच होतं. दादाभाई नौरोजी मार्गावर मेट्रोचे खांब उभे करणं म्हणजे त्या रस्त्याचा चेहरा कायमचा पुसणं. काळबादेवी-गिरगावच्या चिंचोळ्या रस्त्यांवर तर खांबांना जागाच नव्हती. जमिनीखाली जातानाही नेहमीसारखा अख्खा रस्ता उघडून स्थानक बांधणं इथे जमण्यासारखं नव्हतं. थोडक्या जागेतून खाली उतरून आडवं खोदत जाण्याची पद्धत वापरावी लागली. एवढं करूनही ओरखडे उठलेच. गिरगाव-काळबादेवीत जुन्या चाळी पडल्या, स्थानकांसाठी झाडं गेली, आणि फोर्टातल्या जे. एन. पेटिट ग्रंथालयाच्या इमारतीला हादऱ्यांनी धोका पोचतो आहे ही तक्रार २०१७ साली उच्च न्यायालयात गेली. मेट्रो खाली नेण्याचा निर्णय चुकला असं माझं म्हणणं नाही. त्या निर्णयाचा अर्धाच भाग अमलात आला आहे, हे म्हणणं आहे. खालची गाडी मिळाली. वरच्या जागेचं काय करायचं, हे अजून कोणी ठरवलेलं नाही.

आणि न ठरवणं हेही एक ठरवणंच असतं. सार्वजनिक कामातून शहराची जागा मोकळी होते, तेव्हा ती कोणाला द्यायची याचा निकाल पुढच्या थोड्या वर्षांत लागतो, बहुधा चर्चेविनाच लागतो, आणि मग पन्नास-शंभर वर्षं तो कोणी उलटवत नाही. हुतात्मा चौकाने असे दोन प्रसंग पाहिले आहेत. हा तिसरा.

पहिला प्रसंग १८६० च्या दशकातला. त्या दशकात फोर्टची तटबंदी पाडली गेली. आजच्या चौकाच्या जागी किल्ल्याचा चर्चगेट नावाचा दरवाजा होता. तिथे १८६४ साली फ्लोरा या रोमन देवतेचं कारंजं उभं राहिलं. मुळात ते भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी योजलेलं होतं, पण मोक्याची जागा रिकामी झाली आणि ते इथे आलं. तट पडल्यावर सुटलेल्या पट्टीवर रुंद रस्ते आणि मोठ्या इमारती आल्या, पलीकडची मैदानं मैदानंच राहिली. हे सगळं करणाऱ्या गोऱ्या राज्यकर्त्यांना सामान्य मुंबईकराचा कळवळा होता असं समजण्याचं कारण नाही. तरीही तेव्हाच्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, १८९६ च्या नियमांनी प्रत्येक इमारतीच्या तळमजल्याशी कमानींखालचा झाकलेला पदपथ सोडणं बंधनकारक केलं. जमीन मालकाची, खर्च मालकाचा, आणि सावली रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाचीही. भर पावसात छत्री न उघडता लांबवर चालता येईल असे रस्ते मुंबईत आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांतला हा एक, आणि तो एका नियमाने घडवलेला आहे.

दुसरा प्रसंग १९६४ चा. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, विजेची १९०७ मध्ये. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम धावली. ट्राम संथ होती, तोट्यात होती, आणि वाढत्या मोटारींच्या वाटेत येत होती. बंद करण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांची कारणं अगदीच पोकळ नव्हती. पण ट्राम गेल्यावर रस्त्याच्या मधोमध सुटलेला भलामोठा पट्टा कोणाला द्यायचा, हे कोणी विचारलं नाही. बससाठी राखीव मार्गिका करता आली असती. पदपथ रुंद करता आले असते. झालं असं, की रुळांवर डांबर चढलं आणि तो पट्टा मोटारींचा झाला. फ्लोरा कारंज्याच्या अलीकडच्या दुरुस्तीच्या वेळी आसपासच्या रस्त्याखाली ट्रामचे जुने रूळ सापडले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो हौसेने छापले. त्या रुळांवरून रोज हजारो लोक जात होते आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं तीच जागा बऱ्याच कमी लोकांनी जास्त पसरून वापरली, हा मुद्दा स्मरणरंजनात हरवून गेला.

मोटारीला वाट करून देण्यासाठी माणसाला बाजूला काढण्याची सवय त्यानंतर मुरतच गेली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दारातून बाहेर पडणाऱ्या गर्दीला रस्ता ओलांडायला भुयार. २००८ पासून उपनगरांत स्कायवॉकची रांग. चालणाऱ्याने दोन मजले उतरावेत नाहीतर दोन मजले चढावेत, आणि सपाट जमीन चाकांना ठेवावी. पायी चालणं हा या शहरातला प्रवासाचा सगळ्यात मोठा प्रकार, पण सपाट जमिनीवर त्याचाच हक्क सगळ्यात कच्चा.

भुयारी मेट्रोकडे या सवयीच्या अंगाने पाहिलं की थोडं अस्वस्थ व्हायला होतं. १९६४ साली रस्त्यावरून हद्दपार झालेली रुळांवरची सार्वजनिक वाहतूक एकसष्ट वर्षांनी या चौकात परत आली, ती जमिनीच्या पोटात. वरचा रस्ता होता तसाच आहे. जनतेच्या पैशाने जनतेला खाली नेलं आणि मोकळं आकाश मोटारींसाठी ठेवलं, तर ते गावाने वर्गणी काढून विहीर खणावी आणि मोट एकाच मळ्यावर चालावी, तसं होईल.

यावर तयार उत्तर असतं. मेट्रोमुळे लोक गाड्या घरी ठेवतील, रस्ते आपोआप मोकळे होतील. प्रत्येक मेट्रोच्या उद्घाटनात हे वाक्य असतंच. मात्र रस्त्यावर सुटलेली जागा रिकामी राहत नाही. कोंडीच्या भीतीने जो गाडी काढत नव्हता, तो ती काढू लागतो. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ साली अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून दोन गोष्टी मांडल्या. रस्ते वाढवले की त्याच प्रमाणात मोटारींची धावही वाढते, आणि सार्वजनिक वाहतूक वाढवल्याने मोटारींची धाव कमी झाल्याचं दिसत नाही. अमेरिका म्हणजे मुंबई नव्हे, हे खरं. पण पूल बांधला, काही महिने मोकळा धावला आणि मग तोही तुंबला, हा अनुभव मुंबईकराला अर्थतज्ज्ञाने सांगायची गरज नाही. मेट्रोचा फायदा असा की लाखो लोकांना कोंडीला वळसा घालता येतो. कोंडी फोडणं तिला एकटीला जमत नाही. त्यासाठी वरची थोडी जागा मोटारीच्या हातून खरोखरच काढून घ्यावी लागते.

काढून घेण्याची भाषा कोणाला कठोर वाटेल. त्यांनी या शहराचा अलीकडचा जमाखर्च पाहावा. मार्च २०२४ मध्ये सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. या प्रकल्पाचा खर्च सुमारे १४ हजार कोटींचा, वापर मुख्यतः खाजगी मोटारींचा, पथकर शून्य. मेट्रो-३ मध्ये बसणारा मात्र १० ते ७० रुपये मोजतो. एकीकडे महागडा रस्ता फुकट, दुसरीकडे प्रत्येक फेरीला तिकीट. बेस्टचा बसताफा याच काळात आटत गेला. तेव्हा एका चौकातली काही हजार चौरस मीटर जागा मागणं म्हणजे मोटारवाल्यांवर अन्याय, हा युक्तिवाद फारसा टिकत नाही.

आणखी एक आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. वर जागा कशाला हवी, खाली स्थानकात प्रशस्त दालन आहे, स्वच्छता आहे, उद्या दुकानंही वाढतील. आधुनिक शहराचा चौक म्हणजे हेच, असं काहींना वाटतं. इथे हुतात्मा चौकाचा इतिहासच उत्तर देतो. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध याच फ्लोरा फाउंटनच्या परिसरात लोक जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. संयुक्त महाराष्ट्राच्या संपूर्ण लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली. त्यांच्या स्मरणार्थ इथे मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचं शिल्प उभं राहिलं आणि चौकाला त्यांचं नाव मिळालं. आता तेच नाव खालच्या स्थानकालाही आहे. पण मुंबईच्या मेट्रोलाही लागू असलेल्या मेट्रो रेल्वे (चालन व देखभाल) अधिनियम, २००२ नुसार मेट्रोच्या आवारात कोणत्याही प्रकारचं निदर्शन करायला मनाई आहे. विनापरवाना काही विकायलाही मनाई आहे. निदर्शन करताना मारल्या गेलेल्यांचं नाव ज्या स्थानकाला आहे, तिथे निदर्शन हा गुन्हा आहे.

कायदा चुकीचा आहे असं यातून काढायचं कारण नाही. बंदिस्त जागा, विजेचे प्रवाह, दर काही मिनिटांनी येणारी गाडी, चेंगराचेंगरीची भीती. तिथे शिस्त हवीच. मुद्दा इतकाच, की जी जागा स्वभावानेच पहाऱ्यात राहणार, ती चौकाची जागा घेऊ शकत नाही. बॅगा तपासून आत घेणारी, तिकिटाच्या फाटकापाशी थांबवणारी, रात्री कुलूप लागणारी जागा कितीही देखणी असली तरी तिथे आपण प्रवासी असतो. नागरिक म्हणून नुसतं उभं राहायला वेगळी जागा लागते. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्ध दिल्लीत आंदोलनं झाली, तेव्हा मेट्रोची अनेक स्थानकं एका आदेशाने बंद करण्यात आली. स्थानकाचं शटर ओढता येतं. चौकाला शटर नसतं, आणि लोकशाहीत चौकाचं मोल त्यातच आहे. आंदोलनांसाठी मुंबईत आझाद मैदान नेमून दिलेलं आहे हे खरं. म्हणून इतर चौकांमध्ये माणसाला टेकायलाही जागा नको, असा त्याचा अर्थ होत नाही.

खालचं जग वरच्यापासून तुटून राहू शकत नाही, याची आठवण पावसानेही करून दिली आहे. २६ मे २०२५ रोजी वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. स्थानक सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. पाणी आलं ते काम चालू असलेल्या एका प्रवेशद्वारातून, म्हणजे वरच्या रस्त्यावरून. पाण्याला लागू होतं तेच माणसाला. स्थानकात लिफ्ट उत्तम असेल, पण ती ज्या पदपथावर उघडते तो खड्ड्यांचा, खांबांनी अडलेला, दुचाकींनी भरलेला असेल, तर चाकाच्या खुर्चीतल्या प्रवाशासाठी मेट्रो तिथेच संपते.

वर आणि खाली यांचा विचार एकत्र करणं जगाला नवीन नाही. म्युनिकच्या मारीएनप्लाट्झ या मध्यवर्ती चौकातून पूर्वी ट्राम आणि मोटारी जात. १९७१ साली त्याच्याखाली भुयारी रेल्वे सुरू झाली आणि १९७२ साली, ऑलिंपिकच्या तोंडावर, वरचा परिसर फक्त चालणाऱ्यांचा झाला. व्हिएन्नात सेंट स्टीफन कॅथेड्रलसमोरचा चौक भुयारी रेल्वेसाठी खणला गेला आणि त्याच १९७० च्या दशकात आसपासचे मुख्य रस्तेही पादचाऱ्यांना मिळाले. दोन्ही ठिकाणी रस्ता खोदलेलाच होता. भरताना तो नव्या आराखड्याने भरला. चौक एरवी बदलणं अवघड असतं. खणलेला चौक बदलायला फक्त वेगळा नकाशा लागतो.

युरोपाचं उदाहरण दिलं की आपल्याकडे हे जमणार नाही असं लगेच म्हटलं जातं. म्हणून दिल्लीकडे पाहू. चांदनी चौकाखाली मेट्रो २००५ साली आली. वरचा लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा रस्ता पादचाऱ्यांसाठी नव्याने बांधून २०२१ मध्ये खुला झाला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी. मधली सोळा वर्षं वाया गेली, आणि आजही बंदी मोडून वाहनं घुसतात अशी तक्रार आहे. तरीही भारतातल्या सर्वांत दाट बाजारपेठांपैकी एकीत हे करता येतं, एवढं सिद्ध झालं. दुसरं उदाहरण उलटं. राजीव चौक हे देशातलं एक अत्यंत गजबजलेलं भुयारी स्थानक, पण त्याच्यावरचं कॅनॉट प्लेस मोटारमुक्त करण्याचा प्रयोग २०१७ मध्ये जाहीर झाला आणि व्यापाऱ्यांच्या विरोधापुढे बारगळला. पुण्यात २०२४ मध्ये मंडईला भुयारी स्थानक आलं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावरच्या लक्ष्मी रस्त्यावर महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते. वर्षातल्या एका दिवसाचं चालणं हा सोहळा झाला. हक्क उरलेले ३६४ दिवस मागतो.

व्यापाऱ्यांची भीती खोटी नाही. गाडीतून येणारं गिऱ्हाईक तुटेल असं त्यांना वाटतं, माल उतरवायचा कसा हाही प्रश्न असतो. पण हुतात्मा चौकाची स्थिती पाहा. एका बाजूला चर्चगेट, दुसऱ्या बाजूला सीएसएमटी, दोन्हीकडे चालत जाता येतं, आणि आता पायाखाली मेट्रो. इथलं बहुसंख्य गिऱ्हाईक आधीपासूनच पायी येतं. मालाच्या गाड्यांना पहाटेची आणि रात्रीची वेळ देता येते. ज्यांना वाहनाशिवाय हलता येत नाही, त्यांच्यासाठी टॅक्सीला मुभा ठेवता येते. बस तर राहिलीच पाहिजे, उलट तिला स्वतःची मार्गिका मिळाली पाहिजे. जायला हवं ते रस्त्याकडेचं स्वस्त पार्किंग. फोर्टसारख्या ठिकाणी एक उभी मोटार दिवसभर जेवढी जागा अडवते, तेवढ्या जागेचं भाडं कुठल्याही दुकानदाराला विचारून पाहावं.

मग अडतं कुठे? अडतं ते मालकीच्या रेषांवर. स्थानक केंद्र आणि राज्याच्या भागीदारीतल्या मेट्रो महामंडळाचं. रस्ता आणि पदपथ महापालिकेचे. बस बेस्टची, सिग्नल वाहतूक पोलिसांचा, कारंजं आणि आसपासच्या इमारती वारसा जतनाच्या नियमांत. प्रत्येकाच्या फायलीत चौकाचा एकेक तुकडा आहे, अखंड चौक कोणाच्याच नाही. मेट्रोचं काम संपलं की कंत्राटदाराने रस्ता पूर्ववत करून द्यायचा असतो, आणि ही अट वरवर पाहता निर्दोष वाटते. तिचा परिणाम असा होतो की खोदण्याआधी रस्त्यावर जी वाटणी होती तीच खोदल्यानंतर परत येते. म्हणजे १९६४ चा निकाल २०२५ मध्ये पुन्हा डांबरात पक्का होतो.

ही अटच बदलायला हवी. पुढे ज्या भुयारी मार्गिका होतील, त्यांच्या कंत्राटात स्थानकाच्या आराखड्याबरोबर वरच्या चौकाचा आराखडाही असावा, आणि स्थानक खुलं करण्याचं प्रमाणपत्र तो पूर्ण झाल्याशिवाय मिळू नये. हुतात्मा चौकापुरतं बोलायचं तर महापालिका, मेट्रो, बेस्ट आणि पोलीस यांनी मिळून एकाच अधिकाऱ्याला जबाबदार धरावं. चर्चगेट ते सीएसएमटी हा टप्पा सलग, सपाट, भुयारात न उतरता चालता यावा. रस्ता ओलांडण्याची जागा पदपथाच्या उंचीची असावी, म्हणजे चढउतार मोटारीने करावा. सावली, बाकं, पाणी आणि चालू स्थितीतली स्वच्छतागृहं असावीत. २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे विक्रेत्यांना, विशेषतः या परिसराची ओळख असलेल्या जुन्या पुस्तकवाल्यांना, नेमून दिलेली जागा मिळावी. यातलं काहीही अकराशे कोटी किलोमीटरच्या भावाचं नाही. बोगद्याच्या काही मीटरच्या किमतीत हे सगळं होईल.

मेट्रोसाठी घेतलेल्या जपानी कर्जाची परतफेड बरीच वर्षं चालणार आहे. तिचा भार तिकीट काढणाऱ्यावर पडेल, तसाच मेट्रोत कधी पाऊल न टाकणाऱ्यावरही पडेल. ज्याचं घर किंवा काम या मार्गिकेच्या वाटेवर नाही, त्याला खालची गाडी उपयोगाची नाही. वरचा चौक मात्र त्याच्याही उपयोगाचा होऊ शकतो, कारण तिथे यायला तिकीट लागत नाही. कर्ज सगळ्यांच्या नावावर असेल, तर त्यातून राखलेली जागाही सगळ्यांच्या नावावर झाली पाहिजे, आणि ती कशी वाटायची हे डांबर वाळण्याआधी उघडपणे ठरवलं पाहिजे.